धक्क्यावरच्या बायका

स्कॉटलंडला लेकीकडे गेले होते, तेव्हा तिच्या समुद्रकाठच्या गावात जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. शेजारच्या मॅगीआजींबरोबर मी ते बघायला गेले. एका फोटोत धक्क्यावर मासे साफ करणाऱ्या तरण्या बायका खळखळून हसत होत्या.

"अगं, ही तर माझी आई!" आजी ओरडल्याच. मग हळूच म्हणाल्या, "मी तिला कायम दमलेलीच पाहिली गं."

आपल्या जन्माआधीही आईला मैत्रिणी असतात, चेष्टामस्करी असते, हे आपल्या मनातही येत नाही.

"कशाला हसल्या असतील हो?" मी विचारलं.

"कुणातरी खलाशाची टिंगल चालली असणार!" आजींनी खुर्ची ओढली आणि फोटोसमोर ऐसपैस बसल्या. "तू हो पुढे. मी जरा हिच्याशी ओळख करून घेते."