काकांची युलॉजी

मित्रांनो, आज वणीला आमच्या दिवंगत काकांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. मी इंग्रजीचा शिक्षक, म्हणून पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "दादा, बाबांची युलॉजी तूच वाच."

काकूंनी विचारलं, "ते काय असते?"

"गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, काकू," म्हणत मी लिहून आणलेलं वाचून दाखवलं. शांत स्वभाव, मनमिळावू, सर्वांचे लाडके.

काकू म्हणाल्या, "हे कोनाचं लिहिलं बाबू? तुहे काका भल्ले तापट होते. भांडले का दोन दिवस बोलत नव्हते. पन मंग गुपचूप माही शिलाई मशीन पुसून, तेल टाकून ठेवत. तवा मले समजे, राग गेला म्हनून."

मी माझा कागद बाजूला ठेवला आणि कार्यक्रमात काकूंचंच बोलणं सगळ्यांना सांगितलं. लोक हसले.

कार्यक्रमानंतर काकांचे कोळसा खाणीतले जुने सोबती जवळ आले. "आमच्यासंग भांडले का दुसऱ्या दिवशी डब्यात जास्तीची भाजी आनत," म्हणाले आणि डोळे पुसले.

वर्गात मी युलॉजीचा अर्थ नुसता 'स्तुती' असा सांगत आलो. तो आज मला अपुरा वाटतोय.

तुमच्या घरातलं तापट माणूस माफी कशी मागायचं?