पाव्हण्यांची जीप

“नुसतं सांगायचं होतं त्यानं! ‘बाई अडलीय, चला,’ एवढंच!” डगनं टेबलावर मूठ आपटली तशी आमटीची वाटी कलंडली.

“तो नाही सांगू शकत, डग. ह्या लोकांत पाहुण्याला घाई करत नाहीत. इतक्या वेळा आलास, एवढंही कळलं नाही तुला?” वेंडीबाई म्हणाल्या. राग आला की त्यांचा आवाज खाली जातो, डगचा वर.

“मग माणूस मेला तरी चालतं?”

“मी तसं म्हटलेलं नाही.”

सकाळपासून हे चाललेलं. मारोती, आमच्या दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर, भिंतीला टेकून खाली बघत उभा. डॉक्टरसाहेबांपुढं कागद पडलेला. मारोतीला कामावरून काढायचा. सही तेवढी राहिली होती.

चार दिवसांपूर्वी सुनंदा गेली. आमच्याकडं कपडे धुणाऱ्या गयाबाईची लेक. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. जीप वेळेवर पोचली नाही. बाळ वाचलं.

मी वाढत होते.

*

ह्या पाव्हण्यांच्या गोष्टी माझ्याकडं साचत गेल्यात. रिकामे डबे साचतात ना घरात, तशा. टाकवत एकही नाही.

जळकोटच्या रस्त्यावरच्या ह्या दवाखान्यात एकवीस वर्षं मी पाव्हण्यांचा स्वयंपाक करते. शाळेची पायरी चढले नाही. औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवून वाचायला शिकले, आणि इंग्रजी शिकले ताटं वाढता वाढता. वाढणाऱ्या बाईला काही समजत नाही असं धरून चालतात, म्हणून माणसं तिच्यापुढं लई खरं बोलतात!

दर थंडीत ट्रस्टचे पाव्हणे येतात. कुणी इंग्लंडचं, कुणी अमेरिकेचं. वेंडीबाई इंग्लंडात नर्स होत्या, डग अमेरिकेत इंजिनियर. सगळे गोरे सारखेच म्हणणाऱ्यानं ह्या दोघांना एकदा महिनाभर जेवू घालून बघावं.

*

वेंडीबाई पहिल्या वर्षी आल्या तेव्हा मी रोज विचारायची, “बाई, भाजी कशी झाली?” “फार छान!” भेंडी, फार छान. कारलं, फार छान. अंबाडीची भाजी, तीही फार छान. ताट दर वेळी लख्ख. मी खूश. अशी खाणारी बाई मिळायला पुण्य लागतं!

तीन आठवड्यांनी बघते तर त्यांच्या खिडकीखालचं कुत्रं लठ्ठ झालेलं.

*

डगचं तसं नाही. पहिल्याच घासाला म्हणाला, “हे मला आवडलं नाही.” तोंडावर! राग आला, पण बरंही वाटलं. निदान कुत्र्याला तरी मध्ये घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात शिरते तर हा माझ्या तव्यावर अंडं तळत उभा! आम्ही लिंगायत. माझ्या चुलीला उभ्या जन्मात अंडं लागलेलं नाही. तवा अंड्यासकट अंगणात भिरकावला. डग आधी हादरला, मग सॉरी सॉरी करत मला मिठीच मारली. सत्तरीच्या बाईला, नर्सांसमोर!

संध्याकाळी उदगीरला जाऊन नवा कोरा तवा घेऊन आला. मी म्हटलं, चला, शहाणा झाला.

“हा माझ्या अंड्यांसाठी,” तो म्हणाला. “कुठं ठेवू?”

*

माझ्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असते. डग आल्या आल्या, चहाचा कप हातात घ्यायच्या आधी, “ह्यात काय आहे?” म्हणून बोटं पुढं! उलथन्यानं बोटं शेकली. मग गडी मांडी घालून बसला, “सांगा.” तासभर सांगितलं. हातावर लिंग घेऊन पूजा कशी करतात, मेल्यावर बसवून कसं पुरतात, सगळं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, “मी हे जन्मात विसरणार नाही.”

पुढच्या थंडीत आला. चहा घेतला. माझ्या गळ्याकडं बघून म्हणाला, “ह्यात काय आहे?”

वेंडीबाईंनी तीन वर्षं विचारलंच नाही. नजर डबीवर जायची, लगेच खिडकीकडं वळायची. चौथ्या वर्षी तिकडून एक जाडजूड पुस्तक वाचून आल्या, आणि मी गळ्यात काय घालते, का घालते, हे मलाच समजावून सांगितलं. बरंचसं बरोबर होतं!

मी म्हटलं, “बाई, मी इथंच होते की. मला का नाही विचारलंत?”

“तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं.”

*

एकदा वेंडीबाईंनी हळूच विचारलं, “इथं आमच्या लोकांनी फार छळलं का हो?” बिचारीला ते ओझं वाटायचं. कुठंही गेली की आधी आपल्या पूर्वजांची पापं शोधायची. मी सांगितलं, “इथं तुमचं राज्य नव्हतं, बाई. आमच्यावर निजाम होता.” बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून त्यांना चांगली झोप लागायला लागली!

डग ऐकत होता. म्हणाला, “आमच्यावर मात्र होतं ह्यांचं राज्य. आम्ही हाकललं ह्यांना!” आणि टाळीसाठी माझ्यापुढं हात केला.

मी टाळी दिली. वेंडीबाई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

*

एकदा वॉर्डात लोह्याकडचा एक म्हातारा गेला. घरच्यांनी हंबरडा फोडला. वेंडीबाईंनी हळूच दार ओढून घेतलं आणि पाठ करून बाहेर उभ्या राहिल्या. दुसऱ्याचं रडणं बघू नये, अशी त्यांची रीत. आत म्हातारी मला विचारती, “ती बाई आमच्यावर रागावली का गं?”

डग आत. म्हाताऱ्याच्या पोरांच्या गळ्यात पडून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं रडत होता. पुढं तिरडीला खांदाही दिला. गावच्या लोकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मावशी, ह्यो मयताचा कोण?”

“कुणी न्हाई. काल सकाळी आलाय.”

*

आता त्या दिवसाचं.

दोघांना कंधारचा किल्ला बघायचा होता. दवाखान्याला जीप एकच. डॉक्टरसाहेब लातूरला मीटिंगला गेलेले. म्हणाले, पाव्हणे आहेत, जाऊ द्या. मी धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

वेंडीबाई किल्ल्यात शिरल्या की दगडावरचं प्रत्येक अक्षर वहीत उतरवणार. वाचता येत नसलं तरी उतरवणार. डग किल्ल्यात गेलाच नाही. दाराबाहेर कुणीतरी बाजेवर बसवून चहा दिला, तो प्याला. शेजारच्यानं दिला, तोही. चहाला नाही म्हटलं की इथल्या माणसाचा अपमान होतो, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं! एकीला दगड सोडवेना, दुसऱ्याला माणसं.

मारोतीला तिथं गावात बाळंतिणी बघणाऱ्या आशाताईचा फोन आला. सुनंदाला कळा सुरू झाल्यात, सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन लातूरला गेलीय, जीप आण.

मारोती झाडाखाली उभा राहिला. वेंडीबाई बाहेर आल्या. डगनं चहा संपवला. दोघांनी सतरंजीवर बसून धपाटे खाल्ले. मग मारोती म्हणाला, “साहेब, निघायचं का?”

जीप गयाबाईच्या दारात पोचली तेव्हा आत बायका रडत होत्या. बाळंत झाल्यावर रक्त थांबलंच नाही. आशाताईनं सगळी लुगडी लावून बघितली.

चार दिवस मी कुणाशी बोलले नाही. लोकांना वाटलं, म्हातारी सुनंदाच्या दुःखानं गप्प झाली. सुनंदाच्या नवऱ्याकडची माणसं मारोतीला शोधत होती. तो भोकरला बहिणीकडं जाऊन लपलेला. आज डॉक्टरसाहेबांनी बोलावलं म्हणून आला. आणि गयाबाई सकाळीच बाळाला घेऊन येऊन बसलेली, जेवणाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर. ती रडत नव्हती. भांडतही नव्हती. तिला एवढंच कळायला हवं होतं, मारोती थांबला कशाला.

“बोल ना!” डग मारोतीवर ओरडला. “कुणी अडवलं होतं तुला?”

मारोतीनं एकदा मान वर केली, परत खाली घातली. “कुणी न्हाई, साहेब. म्याच थांबलो.”

“बघ, ही ह्यांची संस्कृती आहे,” वेंडीबाई म्हणाल्या. “आपण समजून घ्यायला हवं.”

“संस्कृती नको सांगूस मला! एक मुलगी मेलीय!”

“ती माझ्यामुळं मेली. मी ते दगड वाचत बसले.”

“तुझ्यामुळं नाही, ह्याच्यामुळं!”

डॉक्टरसाहेबांनी पेनचं टोपण काढलं.

मी भाकरीची परडी खाली ठेवली. इंग्रजीत बोलता आलं असतं मला. पण मराठीतच बोलले, मोठ्यानं, उंबऱ्यापलीकडं ऐकू जाईल असं.

“मारोतीनं तिथून मला फोन करून इचारलं व्हतं, मावशी, पाव्हण्यांला उठवू का, आन् मीच म्हणले, पहिलटकरीण हाय, येळ लागंल, त्यांचं जेवण होऊ दे, मंग निघ.”