कड्याखालचा आंबट पाला

अलास्कातल्या त्या समुद्रपक्ष्यांच्या कड्याखाली हिरवळ इतकी दाट, की पाऊल ठेवायला जागा नसे. आणि न्यू जर्सीहून आलेल्या वनस्पतीवाल्या काकू ते ठेवूही देत नसत. “देवघरात बूट घालून जातोस का रे?”

मी बोटीवरचा स्वयंपाकी, आठवीत शाळा सोडलेला. काकूंना वेळेवर बोटीवर आणणंही माझ्याच गळ्यात. त्या दिवशी धुकं चढलं, कॅप्टन भोंगा वाजवत राहिला. पुन्हा उशीर झाला तर माझी नोकरी जाणार होती. काकू भिंग घेऊन पालथ्या पडलेल्या. “दोन मिनिटं.”

“काकू, हा आपल्या चुक्यासारखाच पाला. घरी आमटीत घालतात. चला आता.”

बोटीवर त्यांनी कॅप्टनला इंग्रजीत ठणकावलं, “उशीर माझ्यामुळे झाला, त्याला बोलू नका.” मग रुमालातून मूठभर आंबट पानं माझ्यापुढे धरली. आम्ही एक पान तोडलं तर अंगावर येणारी ही बाई.

मी आमटी केली. “मीठ कमी पडलंय,” काकू म्हणाल्या.