पाइपाच्या वाट्याचं गोडं पाणी

रशीदच्या मुलीचा अमरावतीहून फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. ‘‘काका, अब्बा गेले...’’ एवढंच ती बोलू शकली. चार दिवस लेकीकडे राहून येतो म्हणून गेलेला माणूस! मिळाली ती एसटी पकडली, माती दिली आणि परत आलो. पण तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरच्या माझ्या आणि रशीदच्या भागीतल्या वॉशिंग सेंटरचं शटर काही मला उघडवेना. बायको गेल्यापासून माझं जे काही बोलणं व्हायचं ते त्या शेडखालीच. आता घरात कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं.

आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही आणि त्याच पाण्यानं आम्ही ट्रॅक्टर, जीपा धुवायचो. सुरुवातीला प्रेशरच्या पाइपाची लोखंडी कपलिंगं गंजून अशी जाम व्हायची, की पाना लावला की तुकडाच हातात. मी दुकानदाराला शिव्या घालायचो. रशीद तो तुकडा जिभेला लावून बघायचा. ‘‘मीठ हाय रे. पानी वाळते, मीठ राह्यते, तेच खाऊन राह्यलं लोखंडाले.’’

मग त्यानं पितळी जोड आणले आणि स्कूटरवर रोज घरच्या नळाच्या पाण्याचा कॅन यायला लागला. काम संपलं की मशीनला तो कॅन जोडून पाइप आतून गोड्या पाण्यानं धुवायचा. मशीन बंद करून फवाऱ्याची गन दाबून उरलेला दाब सोडायचा, मग कपलिंग उघडायचं, आटे फडक्यानं पुसायचे, वाळू द्यायचे आणि बोटानं ग्रीस फिरवायचं. पाइप जमिनीवर कधी टाकायचा नाही, भिंतीवरच्या जुन्या टायरवर गुंडाळायचा. उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येईनासा झाला तरी साठवणीच्या पाण्यातून हे चालूच. मी चिडायचो, ‘‘लोकायले प्याले पानी नाही अन् तू पाइपाले पाजून राह्यला?’’

‘‘मानूस बोंबलते तरी. हा बिचारा काही बोलते का?’’

खरा वैताग होता तो वाळण्याचा. आटे पुरते कोरडे झाल्याशिवाय स्वारी हलायची नाही. मला घरी जायची घाई आणि हा पायरीवर बसून गप्पा हाणतोय... त्याचे गुडघे, माझ्या पोराचं पुण्यातलं लग्न, चांदूर बाजारचा कुठलासा बैल. बायको गेली तेव्हा हा दारात येऊन सांत्वनाचा एक शब्द बोलला नाही. ‘‘चाल, पाइप वाळू घालू,’’ म्हणाला. मी गेलो. त्या पायरीवरच पहिल्यांदा रडलो.

रशीद गेल्यापासून पोरगा रोज फोन करत होता, ‘‘बाबा, ते मशीन भंगारात द्या आणि इकडे या.’’ मीही मनानं जवळजवळ निघालोच होतो. भंगारवाल्याला बोलवायचं म्हणून गेल्या आठवड्यात शटर वर केलं. रशीद लेकीकडे निघाला त्या दिवशी मी तालुक्याला गेलो होतो आणि त्यानं घाईघाईत बस गाठली होती. तेव्हा पाइप तसाच पडून सडला असणार, अशी माझी खात्री. बघतो तर पाइप टायरवर. कपलिंगला फडकं, त्यावर त्याची डावखुरी गाठ. गाठ सोडली, कपलिंग नुसत्या हातानं फिरलं. आटे पिवळेधम्मक, त्यावर ग्रीस आणि ग्रीसमध्ये त्याच्या बोटाची रेघ. 

तेवढ्यात रस्त्यावर चिखलानं माखलेला ट्रॅक्टर थांबला. ‘‘भाऊ, चालू केलं का जी?’’

नाही म्हणावंसं वाटलं. मशीन चालू केलं की संध्याकाळी ते कपलिंग धुवायचं, पुसायचं. ती रेघ जाणार. पण तसंच ठेवून पुण्याला गेलो तरी पाइप भंगारातच जाणार होता, रेघेसकट.

‘‘लाव आत,’’ म्हटलं.

संध्याकाळी घरून नळाचं पाणी आणलं. धुतलं, पुसलं. पोराचा फोन आला, त्याला मी पुण्याला येत नाही म्हणून सांगितलं. मग आटे वाळायची वाट बघत पायरीवर बसलो. वेळ पूर्वीइतकाच लागला असेल. मला तो संपता संपेना.