आक्कानं डोळे मिटून निवडलेली ॲक्शन

बायको शिलाई मशीनला तेल देऊ लागली की त्या वासानं मी थेट बीडला, बंदुका दुरुस्त करणाऱ्या दस्तगीरचाचांच्या दुकानात पोचतो.

माझी थोरली बहीण आक्का राज्याच्या नेमबाजी स्पर्धेला निघाली होती. तिची रायफल जुन्या ॲक्शनवर, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, बोल्ट, ज्यात सरकतो त्या पोलादी गाभ्यावर, नव्यानं बांधायची होती. परवाना एकाच रायफलीचा होता. निवड चुकली की स्पर्धा हुकली.

चाचांनी दोन ॲक्शन पुढ्यात ठेवल्या. एक आरशासारखी चकचकीत, दुसरी काळवंडलेली. मी कॉलेजात होतो आणि दोन मासिकं वाचून तज्ज्ञ झालो होतो.

"आक्के, चकचकीत घे. लई भारी हाय."

"गप बस. शिंगं रंगवलेली बघून बैल घेतोस का रे तू?"

आक्कानं डोळे मिटले. चकचकीतचा बोल्ट मागंपुढं केला, तो मधेच किंचित अडखळला. मग काळवंडलेलीचा केला. बाजारात बैल चालवून त्याचं पाऊल पारखावं, तसा कान देऊन. तो लोण्यातून सरकावा तसा गेला. तेव्हा मला ते नाटक वाटलं. आज वाटतं, त्या दिवशी आम्हां भावंडांत नजर फक्त तिलाच होती.

"चाचा, हीच द्या."

चाचा ओशाळले. "बेटी, ही इकायची न्हाई. माझ्या सोताच्या रायफलीची हाय. तुझा हात बघायला ठेवलती."

आक्काचा चेहरा उतरला. तिनं ती ॲक्शन हळूच परत ठेवली.

चाचांनी ती पुन्हा तिच्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "उचल. आता माझ्यासाठी दुसरी तूच शोधून दे."