पाठाच्या दिवशीचा वर्ग

अपेक्षा मेहरे मॅडम व्हायची अजून बाकी होती, पण भातकुली गावानं तिला केव्हाच मॅडम करून टाकलं होतं. तिचे वडील नत्थुजी मळ्यातली वांगी-पालक घेऊन बाजारात बसत. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की सांगत, "माही पोरगी अमरावतीले इंग्रजीची मॅडम हाये!" त्याचा वांग्याच्या भावाशी काय संबंध, हे त्यांना विचारायची सोय नव्हती.

खरं म्हणजे ती बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि अमरावतीतल्या एका शाळेत सातवीवर सराव पाठ घेत होती. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द काढायचा नाही, असं कॉलेजात बजावलेलं. तिनं ते इमानेइतबारे पाळलं. पोरं लग्नातल्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं तशी तिच्याकडे बघत राहिली. तिचं हसणं, रागावणं, थट्टा, सगळं वऱ्हाडीतलं. फळ्यासमोर उभी असायची ती कोण बाई, हे तिचं तिलाच कळत नसे.

शेवटी एके दिवशी तिनं पुस्तक मिटलं आणि मागच्या बाकावरच्या आचलला विचारलं, "काय वं, तुई माय काय करते?"

ही आचल म्हणजे इंग्रजीच्या तासाला तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारी पोरगी. ती चपापून म्हणाली, "फुलं इकते."

"मंग हेच आता इंग्रजीत सांगू."

शब्दाला शब्द जोडत दोघींनी ते वाक्य उभं केलं. पुढं आचल गजऱ्याचं सांगू लागली, भावाचं, घरच्या शेळीचं. चुका ढीगभर, पण पोरगी थांबेना. एकदा तर विचारायच्या आधीच तिनं हात वर केला. त्या दिवशी अपेक्षाला पहिल्यांदा खात्री वाटली, की आपण शिक्षिका आहोत.

मग परीक्षेच्या पाठाचा दिवस आला. अकोल्याहून परीक्षक आले होते. वर्ग मुळात शेखर सरांचा. माणूस भला, अडीअडचणीला धावणारा. ते वर्गात आले आणि म्हणाले, "मागच्या बाकावरचे, चला, वाचनालयात जाऊन बसा." त्यांच्या जागी शेजारच्या तुकडीतली हुशार पोरं येणार होती. पाहुणे आले की फाटकी सतरंजी उचलतात, तितक्या सहजपणे हे दरवर्षी चाले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"सर, आचलले राहू द्या ना," अपेक्षा हळूच म्हणाली. "ते बोलते आता."

"बोलते, पण चुकते. परीक्षक तुमचेच मार्क कापतीन. तुमच्या भल्यासाठीच सांगून राह्यलो मॅडम."

बाकीची पोरं निघाली. आचल उठेना. ती अपेक्षाकडे बघत होती. परीक्षकांची पावलं व्हरांड्यात वाजू लागली.

"तुमीच सांगा," शेखर सर म्हणाले. "ते तुमचं ऐकते."

ऐकत होती, हे खरंच होतं. तेवढीच अपेक्षाची आजवरची कमाई. एक पाठ हुकला तर वर्ष वाया, आणि घरी नत्थुजींनी पेढे आणून ठेवलेले. ती आचलकडे वळली.

"जाय बेटा."

आचल मुकाट्यानं गेली.

पाठ दृष्ट लागण्यासारखा झाला. अनोळखी पोरांनी पटापट उत्तरं दिली. "वर्गातला एकेक विद्यार्थी बोलता केलात तुम्ही," परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले. शेखर सरांनी टाळ्या वाजवल्या. अपेक्षा हसली. हसताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की जमीन दुभंगावी.

सुटीत आचल धावत आली. रागावली असेल, रडेल, या भीतीनं अपेक्षानं नजर चुकवली.

"मॅडम, झाला ना पाठ चांगला?" पोरीचा चेहरा फुललेला. "आमी वाचनालयात एकदम चूप बसलो होतो. मी तं एक शब्द बी नाही बोलली!"

अपेक्षाला खूप काही सांगायचं होतं. पण पोरगी शाबासकीसाठी तोंडाकडे बघत उभी होती. अपेक्षानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शाबास म्हटलं.