आत म्हंजे कुठं?

डॉक्टरनं विचारलं, गोळ्या ठेवल्यास का? मी मान हलवली. कुठं ठेवल्यास, म्हणाला. मी आ केला आणि जिभेखाली बोट लावून दाखवलं.

शिकाऊ पोरं खो-खो हसली. डॉक्टर त्यांच्याकडं वळला. "बघा. या लोकांना कितीही सांगा."

कितीही? एकदाच सांगितलं होतं. परभणीच्या त्याच सरकारी दवाखान्यात, मागल्या खेपेला, औषधाच्या खिडकीतून. अंगावरून पांढरं जायचं, खाजेनं जीव नकोसा झालेला. कापूस वेचताना धड बसता येईना. सासूला भलताच संशय. बरी झाली नाहीस तर माहेरी जा, म्हणाली होती.

खिडकीतल्या सिस्टरनं चिठ्ठीवरचं आडनाव वाचलं. हाताला हात लागू नये म्हणून पाकीट वरून टाकलं. पुटपुटली, "झोपताना आत ठेवायची." बस्स.

मी लय हुशार. विचारायची लाज. गोळी तोंडानं घेतात एवढं ज्ञान होतं, म्हणून तोंडात आत ठेवली. रोज रात्री. खडूसारखी, कडू. थुंकलेसुद्धा नाही, सरकारी औषध वाया जाईल म्हणून. सासू म्हणायची, सून अंधारात काहीतरी खायलीय.

आणि ती पोरं हसली तेव्हा मीबी हसले. पदर तोंडाला लावून, त्यांच्यासोबत. त्या हसणाऱ्या बाईला, तेव्हाच्या मला, आज गाठून थोबाडीत द्यावी वाटते.

नवं पाकीट घ्यायला खिडकीशी गेले. माझ्यापुढं मानवतकडची एक कोवळी पोरगी, नुकतं लग्न झालेली, आमच्यातलीच. तिचंही पाकीट वरून पडलं. तिलाही तेच, आत ठेवायची. पोरगी निमूट निघाली. तिथं माझं हसू मेलं.

मी एका हातानं तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं खिडकीचा गज.

"सिस्टर, आत म्हंजे कुठं, ते सांगा हिला."

"लाज नाही का गं तुला? माणसं उभी आहेत."

"लाज तुमच्यापाशी ठेवा. गोळी कुठं ठेवायची ते सांगा."

रांग ओरडायला लागली. शिपायानं दंड ओढला. गज सोडला नाही मी. शेवटी सिस्टर तणतणत बाहेर आली. आम्हा दोघींना भिंतीच्या आडोशाला नेऊन सांगितलं: हात धुवायचे, उताणं झोपायचं, बोटानं सारायची, लेकरू येतं त्या वाटेनं. बरं वाटलं तरी पाकीट संपवायचं.

एवढंच होतं. एवढं सांगितलं नाही, आणि हसले मलाच.

"थांबा," मी म्हणाले, "आता मी म्हणून दाखवते. चुकलं तर सांगा." तिला थांबावं लागलं.

बरी झाले. उपकार कुणाचे मानले नाहीत.

आता नातीला घेऊन जाते. खिडकीला काच बसली, पुटपुटणं तेच. कुठली गोळी, कशी, जेवणाआधी का नंतर, सगळं वदवून घेते, परत म्हणून दाखवते. मागचे शिव्या देतात. म्हातारीला ऐकू कमी येतं, असं मी सोंग करते. काल काचेआडच्या पोरानं दम दिला, गार्डला बोलवीन.

बोलव म्हणलं. त्यालाबी ऐकू दे. कळल्याबिगर मी हलणार न्हाई.